पाठ नसलेला कोट

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी फक्त घडलं तसं सांगणार आहे. ज्यांच्यासोबत घडलं ते माझे सख्खे मामू आहेत, आजही अचलपुरात राहतात. त्यांनी मला, म्हणजे त्यांच्या भाचीला, अरीबाला, हे तीन वेगवेगळ्या वर्षी सांगितलं, आणि तिन्ही वेळा त्यात काडीचा फरक पडला नाही.

तारीख २० जानेवारी २००७. शनिवार.

वेळ दुपारी चारच्या आसपास.

हो, दुपारी. असलं काही रात्रीच दिसतं, असं मलाही वाटायचं...

मामूंचं नाव मुजम्मिल. अचलपुरात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, शाळेचे फॉर्म, ईदचे फोटो, सगळं काम त्यांच्याकडे यायचं. त्याच्या दोनेक वर्षं आधी त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि सोबत नागपूरहून एक सीडी आणली. त्या सीडीत कोट होते. नुसते कोट, आत माणूस नाही. काळा, निळा, राखाडी. आपला चेहरा त्यावर बसवायचा, की झाला साहेब.

काळा कोट सगळ्यांत जास्त चालला.

पण लग्नाच्या फोटोंसाठी नाही.

ती शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची वर्षं कशी होती, हे आमच्या वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागत नाही. स्टुडिओत आठवड्याला एखादी बाई यायची. सोबत दीर नाहीतर भाऊ. पदराच्या गाठीतून बारीकसा फोटो काढून काचेवर ठेवायची. "भाऊ, हा मोठा करून द्या." मग मामू त्या माणसाला कोट घालायचे, रंग उजळायचे, केस बसवायचे. त्यांना मनापासून वाटायचं, जिवंतपणी नाही मिळालं, निदान भिंतीवर तरी रुबाबात दिसू दे.

तालुक्यातल्या कितीतरी भिंतींवर तेव्हा तो एकच काळा कोट लटकला होता.

जाईबाई त्यातलीच एक. अचलपूरजवळच्या खेड्यातली. नाव मुद्दाम सांगत नाही, घर अजून तिथेच आहे. तिचा नवरा श्रावण विहिरी खोदायचा. संत्र्याच्या बागा वाळत होत्या, पाणी दरवर्षी खाली जात होतं, आणि जुन्या विहिरी आणखी खोल करायला श्रावणसारख्यांना बोलावणं यायचं. एप्रिल २००६ मध्ये शेंदूरजनाघाटकडच्या एका बागेत तो विहिरीत उतरला.

वरून दरड खचली.

दोन दिवस लागले त्याला काढायला. त्याच्या म्हाताऱ्या आईला, गंगूबाईला, तोंडसुद्धा दाखवलं नाही कोणी. दाखवण्यासारखं राहिलंच नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला फोटो पाहिजे म्हणून जाईबाई आली. घरात त्याचा एकच फोटो होता. एका बागेत विहिरीला पाणी लागलं तेव्हा सगळ्या मजुरांचा मिळून काढलेला. श्रावण कडेला उभा, अंगात बनियन, ते लाल मुरमानं माखलेलं, कपाळावर जुन्या जखमेची खूण, आणि तोंडभर हसू.

"बनियनवर हायेत भाऊ. चालन ना?"

"कोट घालून देतो ना बाई. असा कसा लावाल भिंतीले?"



"त्यायनं कवा घातला नाई कोट..."

"म्हणून तर," मामू म्हणाले.

त्यांनी कोट घातला. रंग उजळला. कपाळावरची खूण पुसून टाकली. हसू जरा जास्त वाटत होतं, तेही ओठ मिटवून नीट केलं.

जाईबाई फोटो घेऊन गेली. मामू विसरून गेले.

नऊ महिन्यांनी अचलपूरच्या स्थापनेचा महोत्सव ठरला. गाव नेमकं कधी वसलं, यावर समितीत चार माणसांची पाच मतं होती. शेवटी अध्यक्ष भगवंतराव म्हणाले, "तारखेवरून काहून भांडून राहिले? गाव वसलं एवढं तरी खरं हाये ना? मंग करा साजरा!" आणि तीन दिवसांचा कार्यक्रम झाला. गावाच्या जुन्या दरवाजांना रोषणाई, मिरवणूक, लेझीम, कुस्त्या, आणि एका शाळेच्या सभागृहात प्रदर्शन. जुनी कुलपं, पानदानं, तांब्याची भांडी, वेशींचे आणि हौज कटोरा या जुन्या वास्तूचे फोटो.

मामूंकडे एक वेगळी भिंत दिली होती. नाव होतं 'आपली माणसं'. शंभर चेहरे लावायचे.

"मुजम्मिलभाई, चेहरे जरा टापटीप पाहिजेत हं," भगवंतरावांनी बजावलं. "पाहुणे येणार हायेत."

मामूंनी नव्वद-ब्याण्णव चेहरे जमवले. मग कमी पडू लागले. घाईत कॉम्प्युटर चाळताना श्रावणचा कोटातला फोटो समोर आला. छान दिसत होता.

तो गेलाय हे मामूंना माहीत होतं. तरी त्यांनी तो लावला. जाईबाईला विचारलं नाही, की खाली नावही लिहिलं नाही.

हे सांगताना मामू अजूनही मान खाली घालतात.

महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मैदानात कुस्त्या सुरू झाल्या आणि सभागृह रिकामं झालं. मामू एकटेच खुर्चीवर बसले होते. बाहेर हलगी कडाडत होती, लोक ओरडत होते. खिडकीतून ऊन थेट फरशीवर पडलं होतं.

आणि एकदम...

हलगी बंद.

मामूंना वाटलं, कुस्ती संपली असेल. पण लोकांचा आवाजही नव्हता. पाखरांचा नव्हता. रस्त्यावरच्या गाड्यांचा नव्हता. कान गच्च दाबून धरावेत तसं झालं...

मग एक आवाज आला.

डुबुक...

मातीचं ढेकूळ खोल पाण्यात पडावं तसा.

मामूंनी वर छताकडे पाहिलं. खाली फरशीकडे पाहिलं. कोरडी ठणठणीत.

डुबुक... डुबुक...

ओल्या मुरमाचा वास आला. आणि कोणीतरी खोकलं, घशात धूळ गेल्यासारखं.

'आपली माणसं'च्या भिंतीपाशी एक माणूस उभा होता. काळा कोट, पांढरी कॉलर, लाल टाय, केस चापून बसवलेले, चेहरा गोरापान, ओठ मिटलेले. एवढ्या उन्हात त्याची सावली फरशीवर नव्हती...

मामूंनी तो कोट ओळखला. खिशाच्या कडेला एक पांढरट डाग होता, तो त्या सीडीतलाच होता. किती वेळा पुसायचा प्रयत्न केला, जायचा नाही.



त्या माणसाचे ओठ हलले नाहीत. पण मामूंना ऐकू आलं, आणि ते भिंतीकडून आलं नाही. खालून आलं. खूप खालून, विहिरीच्या तळातून कोणी बोलावं तसं...

"भाऊ... हे काढा ना."



"माय वळखत नाई..."

एवढंच.

मग तो वळला. आणि मामूंनी पाहिलं...

कोटाला पाठ नव्हती.

मागून नुसतं बनियन होतं. चिंधड्या झालेलं, लाल मुरमानं भिजलेलं. पाठीतून माती गळत होती...

हलगी पुन्हा कडाडली. भगवंतराव आत आले तेव्हा मामू जमिनीवर बसले होते. "काय झालं हो मुजम्मिलभाई? चक्कर आली का?"  मामू उठले, भिंतीवरून श्रावणचा फोटो काढला आणि घरी गेले.

फरशीवर मातीचा कण नव्हता, हेही त्यांनी सांगितलं. कोणी विचारायच्या आधीच सांगतात.

दुसऱ्या दिवशी महोत्सवाचा समारोप होता, मामूंचा सत्कारही होता. ते गेले नाहीत. दुपारच्या एसटीनं जाईबाईचं खेडं गाठलं.

घरासमोर गंगूबाई खाटेवर बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस दिसायचा तो आकारापुरता.

"कोण हाये?"

"फोटूवाला हावो माय. अचलपूरचा."

"बरं झालं आला बापू," म्हातारी तडक म्हणाली. "तो भिंतीवरचा सायेब पयले काढून घेऊन जा. कोणाचा फोटू आमच्या घरात आणून लावला? माह्या श्रावणचा लाव म्हटलं, तं सून म्हणते हाच श्रावण!"

जाईबाई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

"आन् फोटू लावला तवापासून तो सायेब घरी येऊन राहिला," गंगूबाई म्हणाली.



"कोण येऊन राहिला, माय?"

"तोच. काळ्या कोटाचा. रोज दिवेलागणीले येते अन् दारात उभा राह्यते. बोलत नाई, चालत नाई. कोणी हापिसातला असन, श्रावणचं काम असन..."

"मंग तुमी काय म्हणता त्याले?"

"काय म्हणणार? म्या त्याले रोज सांगतलं, श्रावण घरी नाई सायेब. विहिरीवर गेला. तुमी जा."

 नऊ महिने. रोज संध्याकाळी पोरगा दारात येत होता आणि आई त्याला परत पाठवत होती...

जाईबाईनं त्यांना बाजूला घेतलं.

"मले कोणी दिसत नाई भाऊ. पण दिवेलागणीले दारातलं कुत्रं उठून जाते. रोज."

मामूंनी तिला प्रदर्शनातलं सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, रागावलीही नाही. फक्त म्हणाली, "तुमाले म्हटलं होतं ना भाऊ. त्यायनं कवा घातला नाई."

त्याच संध्याकाळी अचलपूरला परतून मामूंनी कॉम्प्युटरमधून मजुरांचा मूळ फोटो काढला. त्यातला श्रावण मोठा केला. काहीच बदललं नाही. बनियन तसंच, मुरूम तसाच, कपाळावरची खूण तशीच, हसू तसंच. सकाळी पहिल्या एसटीनं पुन्हा गेले आणि फोटो म्हातारीच्या हातात दिला.

गंगूबाईनं तो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. बराच वेळ धरून ठेवला. बोट कपाळावरच्या खुणेवर थांबलं.

"लहानपणी बैलबंडीवरून पडला होता," ती म्हणाली.

आणि मग तिनं हंबरडा फोडला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. शेजारपाजारच्या बाया धावत आल्या. आपला मुलगा गेला, हे त्या माउलीला त्या सकाळी पटलं.

कोटातला फोटो मामू घेऊन आले आणि जाळला. सीडी मोडून टाकली. त्या दिवसापासून कोटवाला साहेब गंगूबाईच्या दारात आला नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती ना?

महिन्याभरानं मामू चौकशीला गेले. म्हातारी निम्मी झाली होती. मामूंनी विचारलं, "आता येत नाई ना माय कोणी?"

ती म्हणाली, "नाई येत. कोटातला का होईना बापू... येत तं होता."

 

मग दर शुक्रवारी नमाज झाली की मामू त्या खेड्यात जायचे. गंगूबाईजवळ बसायचे. दिवेलागण झाली की ती विचारायची, "दारात पाह्य बरं बापू, कोणी हाये का?" मामू उठून दारापर्यंत जायचे.

"नाई माय. कोणी नाई."

असं वर्षभर चाललं. पुढच्या उन्हाळ्यात तिनं अंथरूण धरलं. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी ती पाणीसुद्धा घेत नव्हती. जाईबाई डॉक्टरला आणायला गेली होती. घरात फक्त मामू आणि म्हातारी.

दिवेलागण झाली.

"बापू... दारात पाह्य बरं..."

मामू दारापाशी गेले. अंगणात कोणी नव्हतं. रस्त्यावर कोणी नव्हतं. त्यांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी त्यांच्यानं 'नाही' म्हणवेना.

"आला, माय," ते म्हणाले. "श्रावण आला."

"येऊ दे त्याले आत."

मामू दारातून बाजूला झाले. जणू कोणाला वाट देतायत तसे.

गंगूबाई कशीबशी भिंतीकडे सरकली आणि तिनं खाटेवर जागा करून दिली. तिचा हात त्या जागेवर पडला. ती हसली. त्यानंतर ती काही बोलली नाही. जाईबाई डॉक्टरला घेऊन आली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

मी मामूंना तिन्ही वेळा विचारलं, "म्हणजे तुम्ही तिला खोटंच सांगितलंत ना? दारात कोणीच नव्हतं?"

"कोणीच नव्हतं," मामू म्हणतात. हे ते ठामपणे म्हणतात.

मग पुढे सांगतात.

"पण ती सरकली ना, अरीबा... त्याच्यानंतर खाट करकरली. आणि तिच्या बाजूच्या रिकाम्या जागेची सुंभाची वीण हळूहळू खाली गेली... माणूस बसल्यावर जाते तेवढी."