सागाची फळी आणि चार वेळचे थेंब

लाकूड सरळ हाय का वाकडं, हे सांगाले मले पट्टी लागत नाही. डावा डोळा मिटतो, फळीच्या कडेवरून उजव्यानं पाहतो, झालं. छत्तीस वर्षं नागपूरच्या लकडगंजात माही लाकूड कापाची आरा मशीन हाय, एकदाही चुकलो नाही. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तवा तर म्हटलं, आता मुंगीची कंबरही मोजतो.

सव्वा महिन्यानं घराच्या दाराची चौकट मधात दबलेली दिसली.

"डोळ्याच्या पडद्यावर सूज आहे, काका," डोळ्याच्या डॉक्टर हिमानी म्हणाल्या. "मोतीबिंदूनंतर येते कधीकधी. रोज चारदा थेंब टाका. चुकवाल तर नजर जाईल."

त्याच दुपारी पियुष नावाचं गिऱ्हाईक सागाची फळी घ्याले आलं. सवयीनं मी डावा डोळा मिटला.

"मधात दबली हाय गा."

"काका, सूज तुमच्या डोळ्याले अन् नाव फळीचं!" त्यानं दोरी लावून दाखवली. फळी सरळ होती.

चौथ्या दिवशी तो फळी घेऊन परत आला. बरोबर मधात तळहाताएवढा खड्डा. कीड नाही, ठोका नाही. लाकडाचे रेशे न तुटता आत वळले होते.

मंग मी मुद्दाम एक लोखंडी गज पाहिला. चार दिवसांनी तोही मधात दबला.

तवापासून उजव्या डोळ्यावर रुमाल बांधून हिंडलो. पण थेंबाले रुमाल काढा लागे. स्वतः टाकावे तर नेम चुके, सगळे मिशीत. म्हणून बायको टाके, पुष्पलता. मी डोळा गच्च मिटून घेई.

"अवो, उघडा ना. तीन दिवसांपासून थेंब कानात जाऊन राहिले."

"तू मधात येतं वं. तुहं त्या फळीसारखं होईन."

"छत्तीस वर्षं झाले, तुमच्या नजरेत मी कधी सरळ होती?"

ती हसून राहिली होती. इकडं त्या डोळ्यानं कॅलेंडरवरची तारीखही दिसेना झाली होती.

मी डोळा उघडला.

तिच्या नाकाच्या जागी सावली होती.

थेंब गार लागला.

महिनाभरानं पुन्हा तपासणी झाली. "पडदा एकदम सपाट, काका. सूज गेली," डॉक्टर म्हणाल्या.

बाहेर बाकावर पुष्पलतानं रिपोर्ट वाचाले चष्मा लावला. तो नाकावर टिकला नाही. खाली पडला. एक काच फुटली.