बिडकीनचा ट्रक, फर्दापूरचं इंजिन

हर्सूलच्या पुढं, अजिंठा रोडच्या कडेला तो ट्रक उभा होता आणि मेघाची स्कूटी आपोआप थांबली.

खरं तर तिला थांबायला वेळ नव्हता. मेघाला कधीच वेळ नसायचा. आठवडाभर शेंद्र्याच्या कंपनीत सुट्या भागांची मापं तपासायची आणि रविवार उजाडला, की पायाला भिंगरी. आजही ती घरच्या ट्रकसाठी जुना आरसा मिळतो का, ते बघायला निघाली होती. वर श्रावणातला पाऊस पडू की नको करत होता. पण लांब नाकाचा, गोल डोळ्यांचा, पन्नास वर्षांपूर्वीचा ट्रक दिसला आणि ती तशीच पुढं गेली, असं होणं शक्य नव्हतं. तिच्या घरात ते पाप समजलं जाई.

बॉनेट उघडं होतं आणि बॉनेटमधून दोन पाय बाहेर लोंबत होते.

"हवा घेतली का?" तिनं पायांना विचारलं.

पाय थबकले. "घेतली वाटतं. तुम्हाला कसं कळलं?"

"डिझेलचा कॅन इथं आडवा पडलाय. टाकी कोरडी होईपर्यंत चालवली, मग कॅन ओतला. आता पाइपात हवा शिरणार नाही तर काय होणार?"

पायांच्या वरचं बाकीचं माणूस बाहेर आलं. गालावर ग्रीसचा पट्टा, भुवयांवर पावसाचे थेंब आणि डोळ्यांत पकडल्या गेलेल्या मुलासारखं हसू. मेघानं घाईघाईनं नजर इंजिनाकडं वळवली. इंजिनाकडं बघणं सोपं होतं.

"तुम्ही पंप मारा, मी नट ढिला करते," ती म्हणाली.

"कपडे खराब होतील."

"तुमचे झालेच आहेत. एकट्याला वाईट वाटायला नको."

तो पंप मारत राहिला, ती नटापाशी बोट धरून बुडबुडे संपायची वाट बघत राहिली. दोघांची डोकी एकाच बॉनेटखाली, त्यामुळं बोलताना आवाज फार मोठा करायची गरज पडत नव्हती. त्याचं नाव विश्वजीत. फर्दापूरला, लेण्यांच्या पायथ्याशी बापलेकाचं छोटं हॉटेल. हा ट्रक मात्र धंद्याचा नाही, हौसेचा. वडिलांनी, अण्णांनी, भंगारातून गोळा करून उभा केलेला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "पार्ट पायजे असंल तर आत्ताच सांगा. अण्णांचा अनुभव हाय. जुन्या गाडीशी लई गोड बोलणारा माणूस जाताना कायतरी खोलून नेतो."

"आमच्या घरी असले तीन ट्रक आहेत. तुमचं मला काही नको."

"काहीच नको?"

प्रश्न साधा होता. विचारायची पद्धत तितकी साधी नव्हती. मेघाचे कान गरम झाले.

"हात पुसायला फडकं द्या," ती म्हणाली. "तेवढं चालेल."

इंजिन धडधडत सुरू झालं. आरसा बघायचा राहून गेला, पण फोन नंबर मात्र मिळाला.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. इतर लोक एकमेकांना गुलाबाचे फोटो पाठवतात, ही दोघं गंजलेल्या बोल्टचे पाठवू लागली. "हा कुठल्या मापाचा?" असं तो विचारायचा आणि माप सांगून झाल्यावरही बोलणं चालूच राहायचं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. मधल्या रस्त्यावर, फुलंब्रीच्या टपरीवर दोघं भेटायची. चहा निवून जायचा.

एकदा अशाच निवलेल्या चहावर तिनं त्याला बाबांची गोष्ट सांगितली. तिच्या आजोबांचा, आबांचा ट्रक. आबा अंथरुणाला खिळले तेव्हा तो विकावा लागला, घेणाऱ्यानं त्याचे तुकडे करून विकले. पुढं कधीतरी बाबांना, अप्पारावांना, एका बंद तेलगिरणीमागं त्याचा सांगाडा सापडला. तो त्यांनी बिडकीनच्या मळ्यात आणला आणि तिथून घराला हे वेड लागलं. बाबा रंग खरवडतात, आई सीटची गादी शिवते, मेघा भाग शोधते. मागून आणखी दोन ट्रक आले, ते पाहुण्यासारखे राहिले. पण आबांच्या ट्रकला त्याचं इंजिन काही मिळालं नाही. दुसरं बसवलंय, ट्रक चालतोही.

"पण बाबा म्हणतात, हा तो आवाज नाय. रस्त्यात जुना ट्रक दिसला की ड्रायव्हरला चालू करायला लावतात. डोळे मिटून ऐकतात. मग म्हणतात, आपलं नाय."

"मग?"

"मग घरी येतात," मेघा म्हणाली. विश्वजीत तिच्याकडं असा बघत होता, की पुढचं काय सांगायचं होतं तेच ती विसरली.

दसरा जवळ आला. फर्दापूरच्या ट्रकचं इंजिन दसऱ्याआधी उतरवून, धुऊन-पुसून रंगवायचं ठरलं आणि विश्वजीतनं तिला बोलावलं. "मापं घ्यायला ये," तो फोनवर म्हणाला होता. मापं त्यालाही घेता येत होती, पण तो मुद्दा कुणी काढला नाही. आईनं धपाटे आणि ठेचा बांधून दिला, आणि मेघा एसटीनं फर्दापूरला गेली.

माऊलीअण्णांनी, म्हणजे विश्वजीतच्या वडिलांनी, तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काय खोलायला आलीस?" असं विचारून ते स्वतःच हसले आणि हॉटेलात निघून गेले. विश्वजीत पाणी आणायला गेला. गॅरेजात लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेलं इंजिन आणि मेघा, दोघंच उरली. तिला रिकामं बसवेना. तिनं डिझेलमध्ये फडकं बुडवलं आणि इंजिनाच्या बाजूचं झाकण पुसायला घेतलं. वर्षानुवर्षांचा काळा थर निघाला. खाली बारीक बारीक ठिपके दिसले. ठिपक्यांची अक्षरं झाली.

सौ. आशाबाई अप्पाराव.

तिच्या आईचं नाव. घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. आई लग्न होऊन आली, तेव्हा रुखवताच्या भांड्यांवर नाव घालायला माणूस आला होता. परात, तांब्या, डबे झाल्यावर आबांनी त्याला हाताला धरून ट्रककडं नेलं. ही बी घरची लक्ष्मीच, म्हणाले, हिच्यावर बी सुनेचं नाव घाल.

पहिल्यांदा बाबा आठवले. ओरडत बाहेर पळावं आणि बाबांना फोन लावावा, असं वाटलं. आणि लगेच दुसरं आठवलं… "पार्ट पायजे असंल तर आत्ताच सांगा." आता सांगितलं तर त्याला काय वाटणार? ही हर्सूलला थांबली ती यासाठी. हसली ती यासाठी. बापाची गोष्ट सांगितली तीही यासाठीच.

हाताला लागलेलं ग्रीस तिनं पुन्हा त्या नावावर ओढलं.

मागं वळली तर दारात विश्वजीत, हातात पाण्याचा तांब्या. कधीपासून उभा होता, कळायला मार्ग नव्हता.

"दमलीस का?" त्यानं विचारलं.

"नाही… भूक लागली," ती म्हणाली आणि डबा उघडून त्याच्यापुढं ठेवला.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगीच नाही. इंजिनावरचं नाव झाकणारी ही पोरगी आता आईच्या रुखवतातला डबा त्याच्यापुढं उघडून बसली होती. विश्वजीतनं धपाट्याचा घास घेतला, सहज म्हणून झाकण फिरवून बघितलं आणि वाचलं, "सौ. आशाबाई अप्पाराव. आईचं नाव?"

"हो," मेघा म्हणाली. तेव्हाही तिच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

प्रकाश संध्याकाळी पडला, ती बिडकीनला पोचायच्या आत, एसटीतच. त्याचा फोन आला.

"झाकण पुसलं मी," विश्वजीत म्हणाला.

तिनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"तू गेल्यावर पुसलं. तुला ग्रीस फासताना बघितलं होतं, म्हणलं काय झाकायलीय ही? मेघा, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं तुला."

"तसं नाहीये, विश्वजीत…"

"मग कसं हाय?"

एसटी खड्ड्यातून गेली, खिडक्या खडखडल्या, आणि 'कसं'चं उत्तर तिला सापडायच्या आत फोन बंद झाला. नंतर त्यानं तो उचललाच नाही.

तो आठवडा मेघाचा पाय एका जागी ठरला नाही. कंपनीत तिनं चांगले भाग नापास केले आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली. घरी ती अंगणातून ओट्यावर आणि ओट्यावरून शेडमध्ये फिरत राहिली. फोन हातात, मग खिशात, मग पुन्हा हातात.

"काय गं," आशाबाई म्हणाल्या, "अंड्याला आलेल्या कोंबडीवानी घरभर का हिंडायलीस? पोटात हाय ते ओठावर येऊ दे."

"काही नाही, आई."

शनिवारी बाबा पैठणहून आले. तिथं कुणाकडं जुना ट्रक असल्याचं कळलं होतं. चपला काढून ते ओट्यावर टेकले आणि कुणी न विचारता म्हणाले, "आपलं नाय."

एक शब्द तिनं उच्चारला असता, तर बाबा त्याच चपला पायात घालून फर्दापूरला निघाले असते. पण मग विश्वजीत कायमचा गेला असता. आणि गप्प राहिली तर बाबांचं ते इंजिन ऐकायचं राहूनच जाणार. आता रंगाचा हातही त्या नावावर फिरला असेल. रात्रभर कूस बदलून तिनं ठरवलं. लपूनछपून काही नाही. फर्दापूरला जायचं, इंजिन ऐकवायला मागायचं, आणि तू आवडतोस हेही सांगायचं, एकाच तोंडानं. त्यानं विश्वास ठेवला तर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती पोचली, तेव्हा माऊलीअण्णा हॉटेलात भजी तळत होते. विश्वजीत दिसत नव्हता. धीर जायच्या आत तिनं बोलून टाकलं.

"अण्णा, तुमच्या इंजिनावर माझ्या आईचं नाव आहे. माझ्या बाबांना ते एकदा ऐकवा, एवढंच मागायचंय. पण मी त्याच्यासाठी येत नव्हते इथं. मी… विश्वजीतसाठी येत होते."

अण्णांचा झारा हवेत राहिला. कढईतली भजी करपायला लागली.

"हे त्याला सांगितलं का?"

"सांगायलाच आलेय."

"तो कुठाय इथं? तांबडं फुटायच्या आत ट्रक काढला त्यानं. बिडकीनला गेलाय, तुझ्या बापाकडं." अण्णांनी गॅस बंद केला. "चार दिवस जेवला नाय धड. काल संध्याकाळपोतर खपून इंजिन बसवलं. म्हणला, त्या माणसाला ऐकवतो, आन त्याला पायजे असंल तर उतरवून देतो. माझं इंजिन. मला विचारलं बी नाय."

मेघा बघतच राहिली.

"बघती काय? बस जीपमधी. माझं इंजिन कुठं चाललंय, मला बी बघायचंय."

अण्णांची जीपही जुनीच होती आणि ते तिला लाडानं हाकत होते. सिल्लोड मागं पडलं. रस्त्याकडेच्या सीताफळांच्या टोपल्या भुरभुर पावसात भिजत होत्या. मेघा आपल्या बाजूला नसलेला अ‍ॅक्सिलरेटर पायानं दाबत होती.

"अण्णा, जरा जोरात…"

"वय झालंय हिचं. तुझं नाय झालं, दम धर."

मळ्याच्या वाटेला लागल्याबरोबर आवाज ऐकू आला. जड, ठाय लयीतला, मधूनच घसा खाकरणारा. शेडसमोर ट्रक उभा होता. बाबा मडगार्डवर हात ठेवून, डोळे मिटून उभे होते, आणि आई पदर तोंडाशी धरून त्यांच्याकडं बघत होती. सकाळपासून बाबांनी ते इंजिन कितीदा बंद-चालू करायला लावलं होतं, कुणास ठाऊक.

"मेघे," बाबा डोळे न उघडता म्हणाले, "आपलं हाय."

तिनं त्यांचा दंड धरला. बाबांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

विश्वजीतनं इंजिन बंद केलं. मेघाकडं त्यानं बघितलं नाही. "काका, उतरवून घ्या," तो म्हणाला. "तुमच्या घरचं हाय."

"येडा का तू?" अप्पारावांनी डोळे उघडले. "चालत्या गाडीचं काळीज काढू व्हय मी? ज्यानं ते जित्तं ठेवलं, त्याच्याकडं राहू दे. मला ऐकायचं होतं. ऐकलं."

माऊलीअण्णांनी इतका मोठा श्वास सोडला, की आशाबाईंना पदराआड हसू आलं. मग अण्णांची नजर शेडमधल्या आबांच्या ट्रककडं गेली, "ह्याचा मागचा एक्सल बघू की," असं ते म्हणाले, आणि दोघं बाप बघता बघता ट्रकखाली गडप झाले. आशाबाई चहा टाकायला निघाल्या. जाताना त्यांनी लेकीकडं बघितलं, मग कॅबिनमधल्या पोराकडं बघितलं, आणि चहाला बराच वेळ लावायचं ठरवलं.

मेघा कॅबिनच्या दाराशी आली.

"तुझं काम झालं," विश्वजीत म्हणाला. आवाजात राग नव्हता, पण हसूही नव्हतं. "आता फर्दापूरला यायची गरज नाय तुला."

"नाहीच."

"नाय."

"म्हणून तर विचारायचंय… गरज नसताना आले तर चालेल?"

तो स्टिअरिंगवरून अंगठा फिरवत राहिला. "ग्रीस का फासलंस, मेघा?"

"घाबरले. वाटलं, हे एक सांगितलं की बाकीचं सगळं तुला खोटं वाटेल. आणि बाकीचंच तर खरं होतं. तू आवडतोस मला. इंजिनासकट नाही… इंजिनाबिगर."

विश्वजीतनं आता तिच्याकडं नीट बघितलं. त्याच्या गालावर पुन्हा तसलाच ग्रीसचा पट्टा होता. त्यानं दार उघडलं आणि हात पुढं केला.

"इंजिनाबिगरची गाडी ढकलावी लागती," तो म्हणाला. "चढावर तर लई."

"ढकलीन," मेघा म्हणाली आणि त्याचा काळाकुट्ट हात धरून वर चढली.