न फुटलेलं अंडं

शेपटाच्या हातून हंसिणीचं अंडं सटकलं, फरशीवर आपटलं, गडगडत दारापर्यंत गेलं आणि फुटलंच नाही.

रडायला उघडलेलं तोंड त्याने तसंच ठेवलं. सदा ताईच्या मागे, म्हणून तो शेपूट. त्याची ताई, चष्मिस, खाली वाकली. नखाने अंड्यावर टिचकी मारली. कपबशीसारखा आवाज आला.

"चिनी मातीचं आहे," ती म्हणाली. घरट्यातली बाकीचीही तसलीच निघाली.

"मग खरी कुठे गेली?" शेपटाने विचारलं.

"कुठे जाणार? बाबांच्या अंडी उबवायच्या यंत्रात," मामेबहीण म्हणाली. उंच, काटकुळी म्हणून तिला सगळे लाटणं म्हणत. "हंसीण तळ्यातून येऊन ओल्या पोटाने बसते, अंडी गारठतात, असं बाबांचं म्हणणं. म्हणून खरी काढून ही खोटी ठेवतात. गेल्या वर्षीही हेच केलं. पिल्लं यंत्रातून निघाली आणि पहिल्यांदा बघितले ते बाबांचे गमबूट. झालं, जिथे बूट तिथे पिल्लं. ही बिचारी हाका मारून दमली."

चष्मिसला तळ्यात डुंबणारी हंसीण दिसत होती. रोज जेमतेम अंग भिजवायची, दोन घास गवत खायची, की लगबगीने घरट्याकडे. आणि ते कशासाठी, तर कपबशा उबवायला!

"आपण परत अदलाबदल करू," चष्मिस म्हणाली.

"बाबांना कळलं तर आपलं काही खरं नाही."

"कळेल कसं? पिल्लं निघायची वेळ आली की झाकण उघडायचं नाही, हा मामाचाच नियम."

मामा बेकरीत अंडी पोचवायला गेला होता. लाटणं यंत्रातली कोमट अंडी काढून तिथे खोटी ठेवू लागली, चष्मिस खरी अंडी टोपलीतून घरट्यात नेऊ लागली. शेपूट तळ्यावर डोळे लावून उभा. शेवटचं अंडं हातात असताना आतून टकटक झाली. चष्मिसच्या अंगावर काटा आला.

"ताई, आली!"

मान लांब करून, फिसकारत हंसीण दारात उभी. पळायला वाट नव्हती. चष्मिसने अंडं हलकेच फरशीवर ठेवलं आणि ती भिंतीला चिकटली. अंड्यातून बारीक चिवचिव आली. फिसकारणं थांबलं. हंसिणीने ते चोचीखाली घेऊन ओढत ओढत घरट्यात नेलं आणि ओल्या पोटानेच त्यावर बसली.

मामा मात्र यंत्राला जपत राहिला. "हळू बोला, आत बाळं आहेत," असं तो म्हणाला की लाटण्याला ठसका लागायचा.

मग एका सकाळी मामीची हाक आली, "अहो, बाहेर या. हवं तर बूट घालून या."

हंसीण तळ्याकडे निघाली होती आणि तिच्यामागे पिवळ्या पिल्लांची रांग. मामा गमबूट घालून वाटेत उभा राहिला. एकानेही ढुंकून पाहिलं नाही. तो आत गेला, झाकण उघडलं, अंड्यावर टिचकी मारली.

"म्हणजे मी इतके दिवस कपबशा उबवत होतो?"

"छान उबवल्यात," मामी म्हणाली, "एकही तडकली नाही."

मामा हसत सुटला. मग लाटण्याची नजर चष्मिसकडे वळलेली पाहून तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "शाब्बास. यापुढे हिची अंडी हिच्याकडेच. पण शेपूट कुठाय?"

चष्मिसने तळ्याकडे बोट दाखवलं. रांगेत सगळ्यात शेवटी, पिल्लांइतकीच छोटी पावलं टाकत, तोही निघाला होता.