बाण नसलेली नळी

दार लावून घ्या आणि ते फोन खिशात घाला. ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या पुतणीची आहे, आणि ती पोरगी लहानपणापासून इतकं खरं बोलते की पाहुण्यांसमोर घरातल्या सगळ्यांची पंचाईत व्हायची. हट्टीही तेवढीच. घाबरवलं की मागे सरायच्या ऐवजी पुढे येणारी.

समुद्रात बुडालेले जुने किनारे शोधायचे, हे तिचं काम. हजारो वर्षांमागे समुद्र बराच मागे होता. आज जिथे मासे फिरतात तिथे माणसं राहायची, मग पाणी चढत चढत आलं. ही होडीतून जाते, तळात लांब नळी ठोकते आणि चिखलाचे थर जसेच्या तसे वर काढते. ऑफिसात तिला चिखलराणी म्हणतात. तिला त्याचं काही वाटत नाही.

या कामात एक नियम आहे. नळी पाण्याबाहेर आली की आधी तिच्यावर बाण काढायचा, वरचं टोक कुठलं ते दाखवणारा. बाकी सगळं नंतर. त्या दिवशी लाटेनं होडी कलली, हिच्या हातातलं पेन पाण्यात गेलं, आणि दुसरं सापडेपर्यंत नळी होडीभर गडगडली. आता वरचं टोक कुठलं नि खालचं कुठलं, कोण सांगणार?

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. नळीच्या एका टोकाला समुद्राची वाळू होती, दुसऱ्या टोकाला राख मिसळलेली काळी माती. माती खाली असेल तर ती बुडालेली वस्ती. वर असेल तर हल्ली कुणीतरी आणून टाकलेला भराव. आणि नेमका तोच तळ बंदरासाठी उपसायचा घाट घातलेला होता. सोमवारी सकाळी त्याची बैठक होती, दुसरी नळी काढायची परवानगी संपलेली होती. साहेब म्हणाले, बाण नसलेली नळी म्हणजे कचरा, कापायचीसुद्धा नाही. ही म्हणाली, "चूक माझी आहे. शिक्षा त्या गावाला का?"

साहेब घड्याळ बघत निघून गेले. म्हणून रविवारी, नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, रात्री अकराच्या सुमारास ही ती नळी आणायला गेली. बंदराच्या मागे त्यांची एक थंड खोली आहे, तिथे सगळ्या नळ्या फळ्यांवर आडव्या ठेवतात. पहारेकरी काकांनी किल्ली दिली, पण स्वतः आत आले नाहीत. म्हणाले, ती बिनबाणाची नळी आल्यापासून आत कुणीतरी चालतं. हिनं विचारलं, चोर? काका म्हणाले, चोराच्या पायाचा असा आवाज येत नाही. हिनं हसून किल्ली घेतली.

नळी टेबलावर ठेवली. दार मागे आपोआप लागलं. ते नेहमीच लागतं.

मग दिवा गेला.

आधी वास आला. विझवलेल्या चुलीचा, ओल्या राखेचा. मग आवाज... चिखलातून पाय उपसावा तसा. एक पाऊल. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं. खाली फरशी आहे, कोरडी. तिला ते माहीत होतं.

पावलं टेबलाच्या पलीकडे थांबली.

नळी हलली. हिनं दोन्ही हातांनी धरली. पलीकडून ओढ आली... हळू, पण सोडायची नाही अशी. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. तरी हात सुटले नाहीत.

"नाही देणार," ती म्हणाली.

ओढ वाढली.

"ऐक. ही नेलीस तर उद्या यंत्र येईल. तुझी चूल, तुझं अंगण, सगळं उपसून दूर फेकतील. तिथे कुणी राहतच नव्हतं असं लिहून टाकतील. मी त्यांच्याशी भांडतेय आणि तू माझ्याशी? मदत करायची असेल तर कर. नाहीतर हो बाजूला."

...

ओढ थांबली.

मग हातातली नळी गेली. हिसकावली नाही... कुणी अलगद काढून घ्यावी तशी.

दिवा आला. खोलीत कुणी नव्हतं. नळी टेबलाजवळ जमिनीवर उभी होती. आधाराशिवाय, सरळ. काळ्या मातीचं टोक खाली.

आता माझी पुतणी काय करते बघा. भुताची साक्ष बैठकीत चालत नाही, हे तिला कळत होतं. तिनं करवत घेतली आणि साहेबांचा हुकूम मोडून नळी उभी चिरली. काळ्या मातीत केसांएवढी बारीक मुळं होती, जुनी, वाळलेली, गवताची असावीत. वाळूच्या बाजूनं निघून आत आत गेलेली, टोकाकडे फाटे फुटलेली. मुळं खालीच जातात. ती कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

बैठकीत तिनं एवढंच दाखवलं. बाण का नाही, ते विचारायच्या आधी स्वतःच सांगितलं. साहेब खाली मान घालून बसले होते. तळ उपसायचं काम थांबलं, अजून थांबलेलं आहे. जहाजवाले अधूनमधून पुन्हा अर्ज करतात, आणि ही पुन्हा उभी राहते.

बाकी म्हणाल तर... त्या खोलीत मी स्वतः जाऊन आलोय. चिरलेली नळी आता टेबलावर काचेखाली असते. तिच्यापुढे फरशीवर दोन ओली पावलं आहेत, बाईची, अनवाणी, पहाऱ्याला उभं राहावं तशी शेजारीशेजारी. काका रोज पुसतात. सकाळी पुन्हा असतात.

टाचा नळीकडे. बोटं दाराकडे.