टिटवीला न दिसलेली पायरी

ग्रंथालयाच्या दारातली ती पायरी काही आज उगवलेली नव्हती. शलाकाचे आजोबा, म्हणजे आप्पा, रोज ती चढून आत जायचे आणि मुलांना विज्ञानाच्या गोष्टी सांगायचे. पुढे टिटवी असायची. टिटवी म्हणजे मांजराएवढा, चार पायांवर चालणारा रोबो. आप्पांची नजर गेल्यापासून तीच त्यांची नजर झाली होती. "पायरी", "खड्डा", "डावीकडे सायकल" असं ती सांगत राहायची. मग काल नेमक्या त्याच पायरीला अडखळून आप्पा पडले कसे?

हा प्रश्न घरात सगळ्यांना पडला होता, एकट्या शलाकाला सोडून.

आप्पा पलंगावर बसले होते, घोट्याला हे भलंमोठं बँडेज. "टिटवी बोलली असणार," ते आईला म्हणाले. "मलाच ऐकू आलं नसेल. वय झालं गं. ग्रंथालयात कळवून टाक, आप्पा आता येणार नाहीत म्हणून. एकट्यानं बाहेर पडणं पुरे झालं."

जमिनीनं पोटात घ्यावं, असं शलाकाला झालं.

त्याचं असं झालं होतं. शेजारच्या समीनाकडे नवाकोरा रोबो आला होता. तो टिटवीपेक्षा भराभर वस्तू ओळखायचा, आणि समीना ते उठताबसता ऐकवायची. शलाकानं मग शोधाशोध केली. टिटवीच्या पोटात ग्राफिक्स कार्ड (चित्रांचे हिशेब झपाट्यानं करणारा संगणकाचा भाग) होतं. त्यावरच्या चिपमधले काही गाभे (हिशेब करणारे चिमुकले विभाग) कारखान्यानंच बंद करून ठेवलेत, असं तिला कळलं. ते उघडायची युक्तीही इंटरनेटवर कुणीतरी फुकट ठेवली होती. आपल्याच टिटवीच्या ताकदीला कुलूप म्हणजे काय? शलाकानं ते काढून टाकलं. टिटवीनं कपबशा, चपला, मांजर, सगळं चटाचट ओळखलं. समीनाचं तोंड बंद झालं. शलाका कॉलर ताठ करून हिंडली. आप्पांना मात्र तिनं एका शब्दानं सांगितलं नाही.

आई स्वयंपाकघरात गेली तशी ती पलंगापाशी आली. आप्पांना दिसत नव्हतं, तरी तिला त्यांच्याकडे बघवेना. ती भिंतीशी बोलल्यासारखी बोलली, "आप्पा, तुमचे कान ठीक आहेत. टिटवी बोललीच नाही. मी तिचे बंद गाभे उघडले होते."

आप्पांनी सगळी नोकरी चिपच्या कारखान्यात, तपासणी विभागात केली होती. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "पेटी आण."

शलाकानं हार्मोनियम आणून ठेवली.

"उजवीकडची शेवटची पांढरी पट्टी मुकी का आहे?"

"तिच्याखाली कागद कोंबलाय."

"काढ तो."

झाकण उचलून शलाकानं कागद ओढला, भाता हलवला आणि पट्टी दाबली. सूर निघाला, पण इतका फाटका की आतून आईनं विचारलं, "काय चाललंय?"

"तिची रीड (हवेनं थरथरणारी पितळी पाती) सदोष आहे," आप्पा म्हणाले. "कारागिरानं तिचं तोंड बंद केलं, बाकीची पेटी छान वाजत राहिली. चिपचंही तसंच असतं. एका चिपवर गाभे कोरतात ढिगानं. धुळीचा कण बसला तरी एखादा बिघडतो. तेवढ्यासाठी अख्खी चिप कोण टाकून देणार? तो गाभा बंद करतात आणि चिप कमी ताकदीची म्हणून विकतात."

"म्हणजे सगळे बंद गाभे बिघडलेलेच असतात?"

"नाही ना. तीच तर मेख आहे. कमी ताकदीच्या चिपना मागणी असली की चांगलेही बंद करतात. कुठला कसा, ते बाहेरून कळत नाही."

"पण घरात टिटवीनं सगळं बरोबर ओळखलं."

"ती चित्राचे तुकडे करते आणि गाभ्यांना वाटून देते. घरात बिघडलेल्या गाभ्याच्या वाट्याला कोरी भिंत आली असेल. काल पायरी आली. फाटका सूर कानाला कळतो, शलू. चुकलेला हिशेब आवाज करत नाही. जमीन सपाट आहे, असं उत्तर आलं आणि टिटवीनं ते खरं मानलं. शिवाय जास्त गाभे म्हणजे जास्त वीज आणि जास्त उष्णता. तिचा पंखा तेवढ्यासाठी बनवलेला नाही. तापलं की कच्चा गाभा आणखी चुकतो."

"ती गरम लागत होती," शलाका पुटपुटली. "मला वाटलं, जोरात काम करतेय."

आप्पांनी चाचपून पेटीचा भाता मिटला. "उघडून बघितलंस, त्याचा राग नाही मला. मीही बघितलं असतं. पण तिच्या भरवशावर पाऊल मी टाकतो, मला सांगायला हवं होतंस. आणि कालपासून मी स्वतःला म्हातारा ठरवत बसलो, तेही तू ऐकत राहिलीस."

त्या शेवटच्या वाक्यानं शलाका रडली. तिला फार लाज वाटत होती. घोट्याच्या दुखण्यापेक्षा आप्पांचं हे दुखणं मोठं होतं, आणि ते तिला ठाऊक असूनही ती गप्प राहिली होती.

तिनं कागद पुन्हा होता तसा बसवला. मग आप्पांनी सांगितलं तसे टिटवीचे उघडलेले गाभे बंद केले. आप्पा पलंगावरून सांगत गेले आणि शलाकानं तिला अंधुक उजेडात, उन्हात, प्रत्येक उंबऱ्यावर आणि जिन्यावर तपासलं. आईला सांगणं अवघड गेलं, समीनाला सांगणं त्याहून अवघड.

"गाभ्यांनी एकमेकांची उत्तरं ताडून बघितली तर?" तपासताना तिनं विचारलं. "खोटं बोलणारा लगेच सापडेल."

"वेळ आणि वीज दोन्ही जास्त लागेल," आप्पा म्हणाले. "पण कर विचार. टिटवीच्या नातवंडांना उपयोगी पडेल."

घोटा बरा झाल्यावर आप्पा ग्रंथालयाला निघाले. पुढे टिटवी, पहिल्यासारखीच सावकाश, आणि मागे चार पावलांवर शलाका.

"पायरी," टिटवी म्हणाली.

आप्पांनी नीट पाय उचलला आणि वर गेले. मग मागे न वळता म्हणाले, "ऐकलं मी, शलू. आता श्वास सोड."