फेरीतलं शेवटचं घर

पवनीचा संजीव तुमच्यापैकी एखाद्यानं पाहिला असेल. आपल्या अड्याळच्या कैलाशचा साळा. त्याच्या तोंडून जे ऐकलं तेच सांगतो, पदरचं काही घालत नाही. आणि मधात कोणी उठू नका.

हा संजीव पाहुण्यांना जुनी पवनी दाखवायचा. गोसीखुर्दचं धरण पाहायला, नाहीतर जंगलात वाघ पाहायला नागपूरकडून गाड्या येतात. संध्याकाळी ते लोक रिकामेच असतात. त्यांना घेऊन तो किल्ल्याच्या दरवाजापासून फेरी सुरू करी. परकोट दाखवी, वैनगंगेच्या घाटावर फोटो काढू देई, मग विणकरांच्या मोहल्ल्यात रेशीमकाठी लुगड्यांची दुकानं. चौकात आनंदाबाईच्या गाड्यावर पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, झणझणीत रस्सा. नाकातून पाणी येईपर्यंत तो खाऊन झाला, की शेवटी बोळातलं एक बंद घर.

त्या घरात साठेक वर्षांमागं मंगरू नावाचा विणकर आणि त्याची बायको दुर्गाबाई राहत. मागावर तुटलेला धागा दुर्गाबाई गाठ न मारता जोडायची, असं जुने विणकर सांगत. एके सकाळी ओसरीवर रक्त दिसलं. आठ दिवसांनी मंगरू नदीत सापडला, दुर्गाबाई कधीच सापडली नाही. लोकांना माहीत होतं ते एवढंच. बाकीचं संजीवनं रचलं. बाईचं कोण्या व्यापाऱ्याशी जमलं होतं, तिनं झोपेत नवऱ्याचा गळा चिरला, प्रेत नदीत लोटलं आणि पळाली. दर फेरीत गळा थोडा जास्तच चिरला जाई. ऐकणाऱ्या बाया पदर तोंडाला लावत. आनंदाबाईनं त्याला एकदा टोकलंही होतं, की मेलेल्या बाईवर कायले आळ घेऊन राहिला? तो हसला होता. लोकांना तेच आवडतं, म्हणाला.

दोन हजार पंचवीसचा जानेवारी. अकरा तारीख, शनिवार. संध्याकाळचे साडेसात.

नागपूरच्या पाहुण्यांना गाडीत बसवून संजीव घराकडं निघाला, तेव्हा किल्ल्याच्या दरवाजात एक माणूस उभा होता. पन्नाशीचा, अंगात राखाडी स्वेटर, कानावर मफलर. मले बी दाखव, म्हणाला. थंडी मरणाची होती, बायको कीर्ती जेवायला वाट पाहत होती. पण बोलणं गावाकडचं, वडीलधारं माणूस, नाही कसं म्हणायचं?

तो माणूस परकोटाकडं पाहत नव्हता. घाटावर पाण्याकडं त्यानं पाठच केली. लुगड्याच्या दुकानात मात्र काठावरून अंगठा फिरवला आणि कापड खाली टाकलं. आनंदाबाईच्या गाड्यावर उकळता रस्सा त्यानं पाण्यासारखा प्याला. फुंकर नाही, ठसका नाही. तीन वाट्या. तिसरी देताना आनंदाबाईचा हात थांबला होता, असं ती नंतर सांगे.

मग बोळ. मग ते घर.

संजीवनं ओट्यावर उभं राहून गोष्ट रंगवली. त्या दिवशी जरा जास्तच रंगवली. माणूस मान हलवत ऐकत होता. खुशीत होता. संपल्यावर म्हणाला, "छान सांगतं बाबू. पण असं नाही झालं."

त्यानं दाराला हात लावला. दार उघडलं. संजीवनं ते दार जन्मात कधी उघडं पाहिलं नव्हतं.

आत अंधार. जुन्या सुताचा वास. माणूस आतून बोलला.

"ये. दाखवतो. तू दुर्गा हो."

संजीवला हसू आलं. पाहुणा रंगात आला, असं वाटलं त्याला. मोबाईलचा उजेड धरून तो आत गेला.

"मंग मी काय करू, काकाजी?"

"काहीच नाही. तिनं बी काही केलं नव्हतं."

दार लागलं.

"बसली होती चुलीपाशी. भात वाढ म्हटलं. तिनं माह्याकडं पाह्यलं. बस... पाह्यलं."

पहिला फटका कानावर बसला. मोबाईल उडाला. संजीव खाली पडला, उठायला गेला तर केसात मूठ आवळली गेली आणि डोकं चौकटीवर आपटलं. एकदा. पुन्हा. दात तुटून जिभेवर आला. त्यानं हात जोडले. खरंच, अंधारात हात जोडले.

"काकाजी, सोडा..."

"ती बी असंच म्हणत होती."

गुडघा छातीवर आला. फासळी मोडल्याचा आवाज त्यानं स्वतः ऐकला. मग काहीतरी थंड... विळ्यासारखं... खांद्यावर टेकलं. घाई नव्हती त्या हाताला. खांद्यापासून खाली... खाली... पोटापर्यंत.

कोणी ओरडत होतं. बाईचा आवाज होता.

तो आवाज आपल्याच गळ्यातून येत आहे हे संजीवला कळलं...

मग काही नाही.

साडेनऊ झाले तरी फोन उचलत नाही, म्हणून कीर्ती चौकात आली. आनंदाबाईनं बोळ दाखवला. दाराला बाहेरून कुलूप, गंजून कडीला चिकटलेलं. ते फोडायला दोन माणसं लागली. संजीव चुलीपाशी पडला होता, शर्ट रक्तानं कडक झालेला.

तो वाचला. महिनाभर भंडाऱ्याच्या दवाखान्यात होता. पोलीस आले, कागद झाले, स्वेटरवाला माणूस मिळाला नाही. आता संजीव पुन्हा फेरी काढतो, त्या घरासमोर थांबतो. एकच वाक्य बोलतो: इथं दुर्गाबाई नावाच्या बाईला तिच्या नवऱ्यानं मारलं. फोटो काढू देत नाही.

पण त्या रात्रीचं एक राहिलंच.

दवाखान्यात शर्ट कापला, रक्त पुसलं, तसा डॉक्टर कीर्तीवर खेकसला. आधी कोणाकडं नेलं होतं, टाके कोणी घातले? कुठंच नाही, चुलीपासून उचलून थेट इथंच आणलं, कीर्ती म्हणाली. खांद्यापासून पोटापर्यंतची जखम बंद होती. पांढऱ्या बारीक धाग्यानं शिवलेली, टाका तांदळाच्या दाण्याएवढा, एकही वाकडा नाही.

डॉक्टरनं ते उसवायला चिमटा घेतला. वरून पाहिलं. खालून पाहिलं. नर्सला दिवा जवळ धरायला लावला.

धाग्याला कुठंच गाठ नव्हती. सुरुवातीला नाही... आणि शेवटीही नाही.