डावीकडचे लवूबुवा

आमच्या दुकानात येणारा माणूस हेडफोन कानाला लावतो, मान डोलावतो आणि म्हणतो, "बेस मस्त आहे." सुबोधने लावले, डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाला, "माझे मामा हरतायत."

मी मनात म्हटलं, झालं. आज डोकं खाणार हा.

दुकान अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, पहिल्या मजल्यावर. शिवदासशेठ मालक आणि काउंटरवर मी, रुचिका. स्टुडिओत गाणी मिक्स करणारी मंडळी इथे येतात आणि आतल्या खोलीत बसून हेडफोन लावून बघतात. प्रत्येक जण स्वतःला पाठ असलेलं गाणं आणतो, कारण हेडफोनची लबाडी पाठ असलेल्या गाण्यातच पकडता येते. सुबोधने आणली होती डबलबारी, दोन बुवांचा भजनाचा सामना. कोकणात, गावच्या मांडवात, त्यानंच रेकॉर्ड केलेला. डावीकडे त्याचे मामा लवूबुवा, उजवीकडे खंडूबुवा.

"बरोबरीत सुटली होती," तो म्हणाला. "मी होतो ना तिथे. पण यात मामांचा आवाज दबतो. दुसरे दाखवता?"

"दाखवता काय? मी काय तुझी मावशी आहे? दाखव म्हण."

तो हसला. हसताना त्याची मान जराशी डावीकडे वळायची, जणू उजवा कान माझ्याकडे करून हसतोय. मला ते आवडलं, उगाच कशाला लपवू.

दुसऱ्या हेडफोनमध्येही मामा हरले. तिसऱ्यातही. मग तो दर शनिवारी यायला लागला. शेठ म्हणायचे, "अगं, हा काही हेडफोन बघायला येत नाही." मी म्हणायचे, "तुम्ही गप्प बसा हो शेठ." आणि शनिवारी नेमका नवा कुर्ता घालायचे.

एकदा बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि दुकानात कोणीच नव्हतं. कटिंग चहा पिता पिता तो म्हणाला, "तू कधी हळू बोलतच नाहीस का गं?"

"आई माहुलला मासळी विकते माझी. आमच्या घरात हळू बोलणाऱ्याची सुरमई टोपलीतच राहते."

"बरंय की. तुझं सगळं ऐकू येतं मला."

मग ग्लासात बघत त्यानं खरं काय ते सांगितलं. पहिल्यांदाच अख्ख्या सिनेमाची गाणी मिक्स करायला मिळाली होती त्याला. दिग्दर्शकानं ती दोनदा परत पाठवली होती.

"म्हणतात, सगळं डावीकडे कललंय. मला तर सरळ वाटतं, रुचिका. म्हणजे माझे हेडफोनच डावीकडे कमी वाजत असणार, म्हणून मी तिथे आवाज वाढवतोय. आता धड हेडफोन नाही मिळाले आणि गाणी पुन्हा परत आली… तर काम गेलं हातातून."

"मिळतील रे," मी म्हटलं. पण तो गेल्यावर मला चैन पडेना. दुकानातले सगळेच्या सगळे हेडफोन डावीकडे कमी वाजतात? त्याचं रेकॉर्डिंग दुकानातल्या कॉम्प्युटरवर होतंच; मी एकेक हेडफोन लावून पाहिला. माझ्या कानाला दोन्ही बुवा सारखेच जोरात होते.

पुढच्या शनिवारी मी स्वतः त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवले. मुद्दाम उलटे, डावा उजवीकडे. माझी बोटं त्याच्या कानांना लागली, आणि ती काढायला मी जरा उशीरच केला. मग डबलबारी सुरू झाली आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे वा, मामा जिंकतायत. खंडूबुवा पार दबले. कुठून आणलेस हे?"

गेल्या शनिवारी त्यानं नको म्हटलेलेच होते ते. गप्प बसले असते तर त्यानं ते आनंदानं घेतले असते, शेठ खूश झाले असते, मीही त्याची लाडकी झाले असते. आणि त्याची गाणी तिसऱ्यांदा परत आली असती.

"सुबोध, मी उलटे घातलेत. मामा आज उजव्या कानात आहेत, म्हणून जिंकतायत. जो तुझ्या डाव्या कानात येतो तो हरतो. हेडफोन कुठलाही असू दे."

त्यानं ते सरळ घालून ऐकलं. परत उलटे घालून ऐकलं. मग काढून हळूच टेबलावर ठेवले.

"तुला कसे ऐकू येतात?"

"बरोबरीत."

तो उठला आणि जिना उतरून गेला. येतो म्हणाला नाही.

नंतरचे शनिवार मी काउंटर पुसत काढले. शेठनंही चेष्टा बंद केली. घरी आई म्हणाली, "आवाज कुठं गेला गं तुझा?" काय सांगणार तिला. खरं बोलले होते, आणि आता खऱ्याला घेऊन काय करायचं ते कळत नव्हतं. मला तो हवा होता. इतकंच.

गणपती गेले. एका मंगळवारी मी आतल्या खोलीत बाकावर बसून वायरी गुंडाळत होते, तर सुबोध आला. माझ्या शेजारी बसला.

"डॉक्टर म्हणाले, डाव्या कानाची नस कमजोर झालीय. गेलेलं परत येणार नाही, उरलंय ते जपायचं."

"आणि सिनेमा?"

"दिग्दर्शकाला सांगून टाकलं सगळं. आता प्रत्येक गाणं एकदा सरळ ऐकतो, एकदा हेडफोन उलटे घालून, आणि मधलं धरतो. तशी करून पाठवली गाणी." तो थांबला. "परत नाही आली."

माझे डोळे भरले. मी वायर गुंडाळत राहिले.

"खूप रागावलो होतो तुझ्यावर," तो म्हणाला. "मग वाटलं, बाकीच्यांनी गाणी बिघडलीत एवढंच सांगितलं. काय बिघडलंय ते तू सांगितलंस. गिऱ्हाईक जाईल हे माहीत असून."

"गिऱ्हाईक गेलं तर गेलं असतं," मी म्हटलं. पहिल्यांदाच हळू. "तू जाशील… याची भीती वाटत होती."

तो उठला. मला वाटलं, निघाला. पण तो माझ्यासमोरून पलीकडे गेला आणि दुसऱ्या बाजूला बसला. आता त्याचा उजवा कान माझ्याकडे होता.

"परत बोल."

"ऐकू नाही आलं?"

"आलं. पण हे चांगल्या कानानं ऐकायचंय."

मग मी आईच्या आवाजात बोलले. "मला तू आवडतोस, सुबोध."

बाहेर शेठ खोकले.

"मलापण तू," तो अगदी हळू म्हणाला.

"काय? ऐकू नाही आलं," मी म्हटलं. साफ खोटं.

त्यानं पुन्हा सांगितलं. मग टेबलावरचे हेडफोन ओढून त्यानं आमच्या दोघांच्या मधे धरले. डावा माझ्या कानाला, उजवा त्याच्या. डबलबारी सुरू झाली. डोक्याला डोकं लागलं होतं आणि त्याच्या केसांना पावसाचा वास होता.

"मामा कसे आहेत?" त्यानं विचारलं.

"जोरात आहेत."

"खंडूबुवापण," तो म्हणाला, आणि डोकं तसंच टेकवून ऐकत राहिला.